टांग्याच्या टपाला पावसाळी पडदे: शिवायला टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळ एकांचं कृषी पर्यटन केंद्र आहे आणि त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. एक आपला नेहमीचा दोन चाकी टांगा, पक्क्या टपाचा. दुसरी चार चाकी बग्गी, तिचा टप मागे घडी होतो. पावसाळ्यात पाहुण्यांना फिरवताना दोन्ही बाजूंनी पाणी आत येतं. रिक्षाचे पडदे शिवणाऱ्या एका कारागिराने त्यांना पूर्ण पारदर्शक प्लास्टिक आणि कडेने वेल्क्रो असा उपाय सांगितलाय. त्यांचं म्हणणं, पडदे वरखाली करता यावेत, बाहेरचं दिसावं, आणि जमलं तर एकच जोडी दोन्ही गाड्यांना चालावी.

मी तीसेक वर्षं हुड आणि गादीकाम करतोय. सुरुवात जीपच्या हुडांनी झाली, मग टांगे आले, हल्ली लग्नाच्या बग्ग्या जास्त येतात. या कामात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो पाण्याचा: थेंब आत येणार नाही ना? मी पहिला प्रश्न विचारतो तो वेगळा: हा पडदा आत बसलेल्या माणसाला ओल्या हातांनी किती वेळात सोडता येईल? अर्ध्या मिनिटात सुटत नसेल तर तो कितीही छान शिवलेला असो, घोड्याच्या गाडीला लावू नका. रिक्षाचा पडदा फडफडला म्हणून इंजिन बिचकत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. नवा असताना एका टांग्याला मी जाड सुती कॅनव्हासचे पडदे केले. चारही कडांना टिच बटणं, कापड ढोलकीसारखं ताणलेलं. मालक खूश, मी त्याहून खूश. वळवाच्या पहिल्याच सरीत कापड भिजून आटलं आणि खालच्या ओळीतली चार बटणं कापडासकट उपटली. सुटलेला कोपरा मडगार्डवर फटाफट आपटायला लागला. घोड्याच्या डोळ्यांना ढापणं, त्यामुळे मागे काय चाललंय ते त्याला दिसेना, नुसतं ऐकू येई. तो उधळला. हाकणारा जुना माणूस होता, त्याने गाडी चढाला घातली म्हणून निभावलं. आत एक बाई आणि दोन मुलं होती. मागची बाजूही मी हौसेने बंद केलेली, आणि तिची बटणं बाहेरून. कोणाला खरचटलंही नाही, पण ती बाई उतरल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरलेलो नाही. पैसे परत केले. ते पडदे अजून माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत, नव्या पोराला कामावर घेतलं की आधी ते दाखवतो.

आता वाऱ्याचं गणित, कारण ते कोणी सांगत नाही. टांग्याची एक बाजू बंद केली की साधारण सव्वा मीटर रुंद आणि एक मीटर उंच असं शीड तयार होतं. ताशी ४० किलोमीटरचा वारा आडवा आला तर त्या कापडावर दहाएक किलोचा दाब बसतो. वारा ६० ला गेला की दाब दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे वीस-बावीस किलो. तोही टपाच्या उंचीवर, आणि गाडी दोन चाकांची. श्रावणातला पाऊस सरळ पडतो, त्यात पडदे बिनधास्त लावा. भीती वळवाची आणि घाटमाथ्यावरच्या झोताची. वारा सुटला की वाऱ्याकडचा पडदा उघडा टाकून समोरचा बंद ठेवणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, कारण वारा आत शिरतो आणि टप छत्रीसारखा फुगतो. अशा वेळी दोन्ही बाजू गुंडाळायच्या, चार थेंब अंगावर घ्यायचे आणि गाडी थांबवायची.

तुमच्या तिन्ही मागण्या नव्या नाहीत. या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त डोकं अमेरिकेत चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे हलक्या बग्ग्या कारखान्यात बनून शेतकऱ्यांच्या दारात पोचल्या. सिनसिनाटी हे त्या धंद्याचं मोठं गाव. वाफेवर वाकवलेल्या लाकडी कमानी, त्यावर चामडं नाहीतर रबर चढवलेलं कापड, आणि बाजूचे पडदे वेगळे. ऊन असलं की ते सीटखाली ठेवायचे, आभाळ आलं की काढून कमानींवरच्या घुंड्यांत अडकवायचे. रबराचं कापड १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या मॅकिन्टॉशने पेटंट केलं होतं, पण ते उन्हात चिकटायचं आणि थंडीत कडक व्हायचं. १८४४ मध्ये अमेरिकेत गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची रीत पेटंट केली, त्यानंतर ते खरं कामाचं झालं. बाहेर बघायला पडद्यात अभ्रकाचे तुकडे बसवत. काच फुटते, अभ्रक थोडं वाकतं आणि उष्णतेने बिघडत नाही. आपल्याकडे झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या खाणींतून हेच अभ्रक जगभर जायचं. पुढे उघड्या मोटारी आल्या तेव्हा त्यांनी हेच पडदे जसेच्या तसे उचलले, आणि तिथून ते जीपला आले. म्हणजे मी जे जीपवर शिकलो ते मुळात बग्गीचंच होतं, मला फार उशिरा कळलं.

त्या लोकांनी जुळवून घेता येणाऱ्या पडद्यांचे खूप प्रकार करून पाहिले. ढोबळमानाने तीन: दांडीवर कड्यांनी सरकणारे, वर गुंडाळले जाणारे, आणि दोन तुकडे एकमेकांवर चढवून रुंदी कमीजास्त करता येणारे. सरकणारे आपल्याकडे नकोत. दांडीवर चिखल बसतो, कडी अडकते, आणि रस्ताभर किणकिण चालते ती वेगळी. गुंडाळायला आत स्प्रिंगचा रूळ बसवायचा मोहही टाळा. आपल्या पावसात स्प्रिंग दोन हंगामांत गंजते आणि एक दिवस पडदा धाडकन वर जातो. गोळीसारखा आवाज येतो. घोडा त्या आवाजाची वाट बघतच असतो.

म्हणून माझा सल्ला गुंडाळणारा आणि एकमेकांवर चढणारा, दोन्ही एकत्र. कसा ते सांगतो.

प्रत्येक बाजूला दोन तुकडे. मागचा मोठा, पुढचा छोटा. हाकणाऱ्याच्या शेजारची जागा पूर्ण मोकळी सोडायची. त्याला बाजूने यायची गाडी दिसली पाहिजे, हात बाहेर काढता आला पाहिजे, लगाम कुठे घासता कामा नये. त्याला पाऊस लागेल, हो. त्याच्यासाठी चांगला रेनकोट आणि मांडीवर एक रबरी पांघरूण घ्या, पडदा नको. पुढचा तुकडा मागच्याच्या वर, बाहेरून चढला पाहिजे. सांध्याचं तोंड मागच्या दिशेला, माशाच्या खवल्यासारखं. उलटं केलंत तर गाडी चालायला लागली की वारा फटीत शिरतो आणि तिथूनच पडदा फुगायला सुरुवात होते. चढ किमान वीत भर ठेवा. रुंदी जुळवायची सोय ह्याच चढात आहे: मागच्या तुकड्यावर आयलेटच्या, म्हणजे भोकात ठोकून बसवायच्या धातूच्या कड्यांच्या, उभ्या तीन ओळी मारायच्या, दोन-दोन इंच अंतराने.

आता एकच जोडी दोन्ही गाड्यांना, ह्याबद्दल. टांग्याचे खांब उभे आहेत, त्यामुळे बाजू जवळपास चौकोनी. घडीच्या टपाच्या कमानी एका बिजागरीतून पंख्यासारख्या निघतात, त्यामुळे तिथली बाजू वर रुंद आणि खाली निमुळती. चौकोनी कापड तिथे लावलं की खालच्या कोपऱ्यात झोळ येतो आणि झोळात पाणी साठतं. तरी एक मधला मार्ग आहे. प्रत्येक गाडीच्या टपाला आतून एक कायमची पट्टी शिवून घ्या, चार इंच रुंद, त्या त्या गाडीच्या आकाराची. पडदा त्या पट्टीला अडकवायचा, थेट टपाला नाही. पट्ट्या वेगवेगळ्या, त्यांवरच्या बटणांचं अंतर मात्र दोन्हीकडे सारखं. मग मागचा मोठा तुकडा दोन्हीकडे चालतो. पुढचा छोटा तुकडा बग्गीसाठी वेगळा, तिरका कापलेला करावा लागेल. पूर्ण एक जोडी नाही, दीड जोडी म्हणा. आणि बग्गीचा टप पाडायच्या आधी पडदे काढलेच पाहिजेत. कमानी मिटताना कापड कैचीत सापडलं की पडदा तर फाटतोच, वर टपही जातो.

पाण्याचं सूत्र कौलांचं आहे. वरचं नेहमी खालच्याच्या बाहेर. टपाची झालर बाहेर, पडद्याची वरची कड तिच्या आत. पडद्याची खालची कड मात्र साटीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, फळीच्या बाहेर, म्हणजे ओघळ बाहेर पडेल. पण मडगार्डच्या आत. बाहेर गेलं की चाकाचा चिखल सगळा पडद्यावर, आणि एखादा पट्टा आऱ्यांत गेला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून कुठल्याही पट्ट्याचं सुटं टोक चार बोटांपेक्षा लांब ठेवू नका.

खालच्या शिवणीत लोखंडी सळई घालायची पद्धत आहे, पडदा सरळ लोंबावा म्हणून. मला ती मान्य नाही. सुटली तर ती माणसाच्या डोक्यात बसते. अंगठ्याएवढी बांबूची काठी घाला. वजन कमी, गंज नाही, आणि गुंडाळायला तीच रूळ होते. काठी हातात धरून आतल्या बाजूने वर गुंडाळत न्यायची, टपाच्या पट्टीला दोन पट्टे लोंबत ठेवलेले असतात ते खालून घेऊन बकलात ओढायचे. तीन ठिकाणी बकल अडकवता आलं तर पडदा पूर्ण वर, अर्धा, आणि वीतभर वर असा तीन पायऱ्यांवर थांबतो. बहुतेक वेळा तुम्हाला अर्धाच लागणार आहे: मांड्या कोरड्या, हवा खेळती, आणि पाहुण्यांना शेत दिसतंय.

बंद कशाने करायचा, यात वेल्क्रो पहिल्या हंगामात उत्तम वाटेल. नंतर त्यात गवताचे कुसळ आणि घोड्याचे केस भरतात आणि तो धरत नाही. शिवाय सोडताना कर्रकन वाजतो. टिच बटण सगळ्या बाजूंनी ओढलं की सुटतं, म्हणजे वाऱ्यानेही सुटतं. मी चक्रीचं बटण वापरतो. लंबगोल आयलेट, त्यातून डोकं आत घालायचं आणि पाव फेरा फिरवायचं. गार पडलेल्या बोटांनीही फिरतं आणि वाऱ्याने आपोआप फिरत नाही. बग्गीवाले, जीपवाले, सगळे यावरच आले होते. वरच्या पट्टीला सहा आणि दोन्ही उभ्या कडांना दोन-दोन पुरेत. फिरवायची बाजू आत! बाहेरून बंद होणारं एकही बटण नको. खालच्या कडेला फक्त दोन पट्टे, आणि त्यांचं टोक कापडात शिवताना मुद्दाम हलकी शिवण घाला. फारच जोर आला तर शिवण जावी, घोड्याच्या मानेवर खेच जाऊ नये. टांग्याची मागची बाजू उघडी ठेवा, ती उतरायची वाट आहे. फारच झड येत असेल तर अर्धा पडदा, कमरेपर्यंतच.

बटणं आणि आयलेट पुण्यात बोहरी आळीत मिळतील. स्टेनलेस मागा, पितळ्याची नको. हे ऐकून दुकानदार हसेल, कारण पितळ गंजत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुमची गाडी तबेल्याशेजारी उभी राहणार. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराने पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, आणि पावसाळा संपल्यावर बघतात तर त्यांना चिरा पडलेल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेत अडकलेला ताण, या तिघांचं ते काम होतं; कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. आयलेटही ठोकूनच बसवलेली असते. माझ्याकडे चिरलेल्या पितळी आयलेटचा डबा भरून आहे, सगळ्या टांग्यांवरून निघालेल्या. जीपच्या एकाही नाहीत.

कापडाचं म्हणाल तर निळी-पिवळी ताडपत्री सोडून काहीही. ती उन्हात फाटते आणि चुरचुर आवाज करते. रेक्झिन दिसायला झकास, घड्यांवर तडकतं. मेण चढवलेलं सुती कॅनव्हास मला आजही सगळ्यात आवडतं. आवाज करत नाही, आणि भिजलं की धागे फुगून सुईची भोकं स्वतःच बंद होतात. पण कापायच्या आधी ते एकदा भिजवून वाळवा, नाहीतर माझ्या त्या चार बटणांसारखं होईल. उंदरांनाही ते आवडतं, खाणदाण्याच्या खोलीत ठेवू नका. देखभाल जमणार नसेल तर पीव्हीसी चढवलेलं पॉलिस्टर घ्या. त्यात सुईची भोकं बुजत नाहीत, शिवणीवर आतून मेण नाहीतर सीलर फिरवावा लागतो.

पूर्ण पारदर्शक पडदा नको म्हणतो त्याला कारण आहे. साफ प्लास्टिक गुंडाळलं की चरे पडतात, तापलेल्या लोखंडाला टेकलं की तिथे तपकिरी पट्टा उमटतो, दोन पावसाळ्यांत ते पिवळं पडतं. आणि पाच माणसांच्या श्वासाने आतून असं धुरकटतं की दिसायचं काहीच नाही. खिडकीच ठेवा. तिची खालची कड बसायच्या फळीपासून दीड-पावणेदोन फुटांवर, उंची फूटभर. बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे त्यात बरोबर येतात. लहान मुलांना दिसणार नाही, त्यांच्यासाठी पडदा अर्धा वर घ्यायची सोय आहेच. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचं साफ पीव्हीसी, इंचाला पाचपेक्षा जास्त टाके नाहीत. दाट टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीवर फाटतं. पुसायचं ते भरपूर पाण्याने. थिनर नको, कोरडं फडकं तर नकोच. गुंडाळताना खिडकीवर जुनं धोतर घालत जा. वरच्या मागच्या कोपऱ्यात तीन बोटांची फट हवेसाठी सोडली की धुरकटणं बरंच कमी होतं.

ओला पडदा गुंडाळून रात्रभर ठेवू नका, बुरशी एका रात्रीत बसते आणि तिचे डाग जात नाहीत. घोडा सोडला की पडदे काढून पडवीत दोरीवर.

घोड्याचीही ओळख करून द्यायला हवी. हे काम तुमचं, कारागिराचं नाही. पहिले दोन दिवस पडदे लावलेली गाडी त्याला ढापणं न घालता, दुरून, चारा खाताना दिसू द्या. मग जवळ नेऊन कोणीतरी पडदा सोडावा, गुंडाळावा, बकल वाजवावं. कान टवकारून पुन्हा खायला लागला की झालं. मग जुंपून, गाडी उभी, एक माणूस तोंडाशी. नंतर चालत्या गाडीत. एखादा घोडा चार दिवसांत मानतो, एखादा कधीच मानत नाही. त्या दुसऱ्याला पावसाळ्यात सुट्टी द्या. जुंपलेला असताना ढापणं मात्र कधीच काढू नका.

मापं घ्यायला कारागीर येईल तेव्हा गाडी टेकूवर उभी असेल आणि तो टेप लावायला लागेल. त्याला थांबवा. टांगा टेकूवर वेगळा कलतो आणि घोडा जुंपला की वेगळा. मागे दोन माणसं बसली की अजून वेगळा, थोडा उलाळ होतो, म्हणजे मागे झुकतो. खालची कड मडगार्डच्या आत बसते की नाही ते त्या तिसऱ्या स्थितीत ठरतं. घोडा जुंपा, दोन माणसं मागे बसवा, जुन्या प्लास्टिकचा फर्मा टपाला चिकटवून खडूने रेघ मारून घ्या. मगच कापड कापायला सांगा. खालचे पट्टे सगळ्यात शेवटी, कापड एकदा भिजून वाळल्यावर.